साठ वर्षांनी आलेला हत्ती

जोयडा तालुक्यातल्या कुणा मराठी माणसाला ध्यान शिकावंसं वाटलं, तर तो बहुधा इगतपुरीचं नाव घेतो. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारची घंटा, मौन, संध्याकाळचं प्रवचन हे सगळं त्याने कुणा नातेवाइकाकडून ऐकलेलं असतं. आपल्याच जिल्ह्यात, दांडेली-हल्याळ करत साधारण शंभर किलोमीटरवर, मुंडगोडला बौद्ध अभ्यासाची दोन महाविद्यापीठं आहेत हे मात्र त्याच्या गावीही नसतं. मुंडगोड त्याला ठाऊक असतं ते थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी लोकांचं गाव म्हणून, नाहीतर सुट्टीत मुलाबाळांना दाखवून आणायचं ‘मिनी तिबेट’ म्हणून.

गंमत अशी की या दोन्ही जागांची मुळं जवळपास एकाच वेळी रुजली. ब्रह्मदेशातल्या मंडालेत जन्मलेल्या सत्यनारायण गोएंका यांनी भारतातलं पहिलं विपश्यना शिबिर घेतलं ते जुलै १९६९मध्ये, मुंबईत. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६चं. आणि १९६९च्याच सुमारास द्रेपुंग आणि गांदेन या ल्हासाजवळच्या मठांतले उरलेसुरले भिक्षू मुंडगोडला येऊन पोचले. १९५९मध्ये तिबेट सोडल्यापासून ते बंगालच्या सीमेवरच्या बक्सा इथे, इंग्रजांनी राजबंद्यांसाठी वापरलेल्या जुन्या तुरुंगाच्या जागेत राहत होते. तिथल्या दमट हवेत क्षयाने कितीतरी जण गेले. मुंडगोडची तिबेटी वसाहत १९६६मध्ये सुरू झाली होती. तिथे सरकारने दिलेली जमीन म्हणजे निव्वळ झाडोरा. भिक्षूंनी तो तोडला, मका आणि भात लावला, आणि दिवसभर शेतात राबून संध्याकाळी वादविवादाला बसायला सुरुवात केली. आज तिथे हजारो भिक्षू शिकतात.

खरं तर या मुलखाला बुद्धाचं नाव नवं नाही. अशोकाच्या काळी पाटलिपुत्रात तिसरी संगीती, म्हणजे भिक्षूंची धर्मसभा, झाली आणि ठिकठिकाणी थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, पाठवले गेले. त्यांची यादी सिंहली ‘महावंसा’त आहे. महारट्ठ आणि अपरांत म्हणजे कोकण यांच्याबरोबर तीत वनवास नावाचा प्रदेशही येतो, आणि तिकडे गेलेल्या थेराचं नाव रक्खित. बहुतेक अभ्यासक हा वनवास म्हणजे शिरसी तालुक्यातली बनवासी असं मानतात. खुद्द जोयड्यात पायऱ्यापायऱ्यांनी चढायच्या साधनेची आठवण आहे ती वेगळ्या घराण्याची: उळवीला चन्नबसवण्णांची समाधी आहे. भक्तस्थळापासून ऐक्यस्थळापर्यंतच्या सहा पायऱ्यांच्या, म्हणजे षट्स्थल विचाराच्या मांडणीत त्यांचं नाव पुढचं. तेव्हा साधनेला पायऱ्या असतात हे इथल्या माणसाला पटवून द्यावं लागत नाही. कठीण असतं ते आपण कुठल्या पायरीवर आहोत हे ओळखणं. या प्रकरणाचा विषय तोच आहे.

सुरुवातीच्या दिवसांबद्दल फारसं सांगायला नको. मन पळतं, पाय दुखतात, झोप येते, आणि तरीही काही महिन्यांत थोडी स्वस्थता येते. खरा पेच त्यानंतरचा. वर्ष-दोन वर्षं नेमाने बसणाऱ्याला एक दिवस जाणवतं की पुढे काही होत नाहीये. मग कुणी बसण्याचा वेळ वाढवतो, कुणी शिबिरांमागून शिबिरं करतो, कुणी पद्धत बदलतो, आणि बरेच जण गुपचूप सोडून देतात.

मराठीत या पेचावर एक फार चांगला वाटाड्या शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६चा, गोव्यातल्या साखवाळचा. १८९७मध्ये ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि त्यांच्या मनाने तेच घेतलं. १८९९च्या अखेरीस घर सोडून ते पुणे, काशी, नेपाळ असं करत सिंहलद्वीपात पोचले आणि १९०२मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ हा ध्यानमार्गाचा पाचव्या शतकातला पाली ग्रंथ हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय झाला. वॉरन या अमेरिकन पंडिताने अर्धवट सोडलेली त्याची आवृत्ती पुरी करायला हार्वर्डने त्यांना बोलावून घेतलं. ती छापून आली १९५०मध्ये, कोसंबी सेवाग्रामला वारल्यानंतर तीन वर्षांनी. याच ग्रंथाच्या आधारे त्यांनी १९२५मध्ये मराठीत ‘समाधिमार्ग’ लिहिलं. ध्यानावरची आजची गुळगुळीत पुस्तकं वाचून कंटाळलेल्याने ते जरूर मिळवावं.

बुद्धघोष ध्यानाचे चाळीस विषय देतो, पण सगळे सगळ्यांना नाहीत. कुणाला काय द्यायचं हे माणसाच्या स्वभावावर ठरतं, आणि स्वभाव ओळखण्याच्या त्याच्या खुणा भलत्याच जमिनीवरच्या आहेत. माणूस अंगण कसं झाडतो ते बघा, असं तो सुचवतो. ज्याच्यात राग, म्हणजे आसक्ती, जास्त तो केरसुणी नीट धरतो, सावकाश, एकसारखं आणि देखणं झाडतो. द्वेषाच्या स्वभावाचा माणूस केरसुणी आवळून धरतो, घाईघाईने दोन्ही बाजूंना माती उडवत खरखर आवाज करत जातो. मोहाच्या स्वभावाचा केरसुणी ढिली धरतो, इथला केर तिथे करतो, आणि झाडून झाल्यावरही अंगण झाडलेलं दिसत नाही. चालण्यातही तेच: दुसरा पायाच्या चवड्याने जमीन उकरल्यासारखा चालतो, तिसरा बिचकत पाऊल टाकतो. आता पहिल्याला अशुभाचं, म्हणजे देहाच्या नाशिवंतपणाचं चिंतन; दुसऱ्याला मैत्रीभावना; तिसऱ्याला श्वास. साधना अडली की आपण तिचा वेळ वाढवतो. बुद्धघोष विचारेल की मुळात तुला औषध कुठलं दिलंय, आणि ते दिलं कुणी. जो स्वतःवर सतत चिडलेला आहे त्याने आणखी कडक शिस्तीत बसणं म्हणजे आगीत तेल.

मुंडगोडसारख्या तिबेटी मठांत आणखी एक साधन भिंतीवरच भेटतं. वळणावळणांनी वर जाणारी एक वाट, तिच्यावर एक काळा कुळकुळीत हत्ती, त्याला ओढत पुढे पळणारं माकड, आणि मागून हातात फास आणि अंकुश घेऊन धावणारा भिक्षू. हत्ती म्हणजे मन, माकड म्हणजे त्याची चंचलता. फास म्हणजे स्मृती, अंकुश म्हणजे संप्रजन्य, म्हणजे मन आत्ता कुठे आहे यावर ठेवलेली तिरपी नजर. वाटेच्या कडेला वस्त्र, फळं, अत्तर भरलेला शंख, झांजा आणि आरसा ठेवलेले असतात. पाच इंद्रियांची पाच आमिषं. आणखी एक चीज आहे ती बारकाईने बघितल्यावर दिसते: जागोजागी एक ज्वाळा काढलेली असते आणि वर जावं तशी ती लहान होत जाते. ती लागणाऱ्या कष्टांची ज्वाळा. शेवटी शेवटी ती नाहीशीच होते.

या चित्रात नऊ टप्पे आहेत. असंग या भारतीय बौद्ध आचार्याने चौथ्या शतकाच्या आसपास सांगितलेल्या चित्तस्थितीच्या नऊ अवस्था त्यामागे आहेत. दुसऱ्या टप्प्यावर हत्तीच्या डोक्यावर पांढरा ठिपका उमटतो आणि पुढे तो रंग अंगभर पसरत जातो. पाचव्यापर्यंत बाजी उलटते. भिक्षू पुढे आणि माकड मागे. आठव्यावर हत्ती पांढराशुभ्र होऊन निमूट मागून चालतो आणि नवव्यावर भिक्षूशेजारी बसून विसावतो.

माझ्या मते या सगळ्या चित्रातला सर्वांत महत्त्वाचा प्राणी हत्ती नाही आणि माकडही नाही. तिसऱ्या टप्प्यावर हत्तीच्या पाठीवर एक इवलासा ससा येऊन बसतो. तो म्हणजे सूक्ष्म लय. जाड लय कुणालाही ओळखता येतो, त्यात पेंग येते, मान कलते. सूक्ष्म लयात तसं काही होत नाही. चित्त स्थिर असतं, विषय निसटलेला नसतो, श्वास मंद झालेला असतो, बरं वाटत असतं. फक्त धार गेलेली असते. दिवा लागलेला असतो, वात खाली गेलेली असते. चौथ्या टप्प्यानंतर मन विषय सोडत नाही आणि आतल्या आत आवरत जातं, नेमका तेव्हाच याचा धोका वाढतो. तिबेटी आचार्य त्सोंगखापाने १४०२मध्ये ‘लामरिम छेनमो’ लिहिताना याच ठिकाणी फार जोर दिला, कारण त्याच्या काळी कित्येक साधक हीच सुखाची झापड समाधी समजून वर्षानुवर्षं तिच्यात बसून राहत. माकडाचा त्रास होतो म्हणून माणूस सावध राहतो. ससा कुणाला त्रास देत नाही, म्हणून तो जास्त नुकसान करतो.

यावरचे उपाय साधे आहेत. लय आला तर बसण्याची वेळ कमी करायची, मन उभारी धरेल असं काही आठवायचं, उजेडाची कल्पना करायची, तोंडावर गार पाणी मारून चार पावलं चालून यायचं. उलट मन उडत असेल तर मृत्यूचा, अनित्यतेचा विचार त्याला खाली आणतो. सुरुवातीच्या साधकाला सांगतात: थोडा वेळ बस, पण पुष्कळदा बस, आणि कंटाळा यायच्या आत ऊठ, म्हणजे आसन दिसलं की मन पळणार नाही. दोषांच्या पारंपरिक यादीत पाच दोष आहेत आणि शेवटच्या दोघांची जोडी मला फार आवडते. बिघाड दिसत असून उपाय न करणं हा चौथा. बिघाड नसताना उपाय करत राहणं हा पाचवा. पुढे गेलेल्या साधकाला हा पाचवा नडतो. मन शांत झालेलं असतं आणि हा उगाच अंकुश टोचत असतो.

पण समजा हत्ती पांढरा झाला, तर पुढे काय? इथे चित्रकाराने एक धारदार गोष्ट केली आहे. वाट संपत नाही. भिक्षू हत्तीवर बसतो, हातात तलवार घेतो आणि उलट फिरतो. तलवार म्हणजे प्रज्ञा. नऊ टप्प्यांची सगळी चढण ही फक्त त्या तलवारीला धरणारा हात स्थिर करण्यासाठी होती. याच मुद्द्यावर आठव्या शतकाच्या शेवटी तिबेटच्या साम्ये मठात राजा त्रिसोंग देत्सेन याच्यासमोर मोठा वाद झाल्याचं तिबेटी इतिहास सांगतो. विचारमात्र थांबवला की बोधी आपोआप, अशी चिनी आचार्य ह्वाशांग महायान यांची बाजू मांडली जाते. समोर उभे राहिले ते भारतातले आचार्य कमलशील, नालंदेच्या शांतरक्षितांचे शिष्य. त्यांचं उत्तर ‘भावनाक्रम’ या त्यांच्या तीन छोट्या ग्रंथांत आहे: नुसता विचार थांबवून अज्ञान जात नाही, कारण अज्ञान ही चुकीची समजूत आहे आणि ती तपासल्याशिवाय सुटत नाही. त्यासाठी क्रम असतो. आधी ऐकून येणारी प्रज्ञा, मग त्यावर विचार करून येणारी, मग ध्यानाने मुरलेली. श्रुतमयी, चिंतामयी, भावनामयी. मधली वगळून तिसरीवर उडी मारता येत नाही.

ही प्रज्ञा साध्या जाणिवेहून वेगळी कशी, यावर बुद्धघोषाने नाण्यांच्या ढिगाचा दाखला दिला आहे. लहान मुलाला नाण्यांचा रंग आणि आकार दिसतो. खेडुताला त्यांनी वस्तू विकत घेता येतात हेही कळतं. सराफ मात्र नाणं वाजवून, हुंगून, तोलून खरं-खोटं सांगतो आणि ते कुठल्या गावी, कुणी पाडलं तेही ओळखतो. सराफाचं हे ज्ञान एका क्षणी अंगात संचारत नाही. हजारो नाणी हाताखालून गेलेली असतात, आणि त्यांतली काही खोटी निघून नुकसानही झालेलं असतं.

मुंडगोडच्या मठांत ही पारख कशी शिकवतात ते अंगणात बघावं. जवाब देणारा खाली बसलेला असतो आणि प्रश्न करणारा उभा. सुरुवात ‘धीः’ या मंजुश्रीच्या बीजाक्षराने. उभा असलेला उजवा हात डोक्यावर मागे नेतो, डावा पाय उचलतो, आणि प्रश्न पुरा होताच पाय आदळून टाळी देतो. टाळीचा आवाज विरायच्या आत जवाब यायला हवा. जवाबही मोजकेच चालतात: मान्य, हेतू सिद्ध नाही, व्याप्ती नाही. धूर आणि अग्नीचं उदाहरण आपल्या शाळेतल्या तर्कशास्त्रात येतं, त्याच घराण्याचा हा खेळ. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती यांनी तो भारतात घडवला आणि इथून तो पुसला गेला तरी तिबेटमध्ये टिकला. बसलेला आपल्याच आधीच्या बोलण्याच्या विरुद्ध गेला, की समोरून ‘छा!’ असा आरडाओरडा होतो, भोवतालचे पोरगेले भिक्षू हसतात. शेकडो जोड्या एकदम वाद घालत असतात, त्यामुळे पाहणाऱ्याला बाजार भरल्यासारखं वाटतं. ‘बौद्ध मठ म्हणजे शांतता’ ही समजूत घेऊन आलेला पर्यटक इथे पार गोंधळतो.

अभ्यासक्रम पाच विषयांचा आहे: धर्मकीर्तीचं प्रमाणशास्त्र, प्रज्ञापारमिता, मध्यमक, वसुबंधूचा अभिधर्म आणि विनय. पंधरा-वीस वर्षं त्यात जातात, शेवटी गेशे ही पदवी मिळते, आणि तिच्यातली सर्वोच्च ल्हारम्पा हवी असेल तर परीक्षाच सहा वर्षं चालते. हा रस्ता भिक्षुणींना मात्र अगदी अलीकडे खुला झाला. २२ डिसेंबर २०१६ रोजी मुंडगोडच्या द्रेपुंगमध्ये दलाई लामांच्या हस्ते वीस भिक्षुणींना गेशेमा, म्हणजे भिक्षुणींसाठीची गेशे पदवी मिळाली. इतक्या जणींना एकत्र ती मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्यांच्यामागे किमान सतरा वर्षांचा अभ्यास होता.

एक शंका रास्त आहे. इतका वाद घालून माणूस पंडित होईल, शहाणा होईलच असं कुठे आहे? मठांतही हे धोके माहीत आहेत. पांडित्याचा ताठा हा तिथल्या गुरूंचा नेहमीचा उपदेशविषय. पण वादात एक गोष्ट होते जी डोळे मिटून होत नाही. आपल्या समजुतीतलं भोक दुसरा दाखवतो, तेही चारचौघांत. ‘मी’ नावाची गोष्ट शोधून सापडत नाही असं पाठ म्हणणारा भिक्षू, हरल्यावर त्याचा चेहरा लाल होतो तेव्हा तो ‘मी’ अगदी ठळक समोर उभा असतो. मग त्या रात्री ध्यानाला बसताना विषय शोधावा लागत नाही.

महाराष्ट्रातल्या बौद्धांना प्रज्ञेचा हा अर्थ परका वाटणार नाही. मे १९५६मध्ये बीबीसीवर बोलताना डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्म का पसंत केला याची तीन कारणं सांगितली: प्रज्ञा, करुणा आणि समता. त्यांतल्या प्रज्ञेचा अर्थ त्यांनी अंधश्रद्धा आणि अलौकिकाला विरोध करणारी समज असा केला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरची दीक्षा झाली. आज त्यांचे कितीतरी अनुयायी विपश्यनाही करतात, आणि ध्यान हवं की सामाजिक काम हा वाद वस्त्यावस्त्यांतल्या विहारांत रंगतो. मला तो वाद चालू राहावा असंच वाटतं. टाळी आणि पाय आदळणं नसेल, पण अंगण तेच आहे.

जोयड्यात, कारवारात किंवा पुण्यात नोकरी-शेती सांभाळून बसणाऱ्याला वीस वर्षांचा मठ परवडणार नाही. कमलशीलाची रीत मात्र त्याला जमण्यासारखी आहे. आधी चित्त जरा स्थिर करायचं. मग एकच गोष्ट घेऊन तपासायची: सकाळी शेजाऱ्याच्या बोलण्याने जो राग आला, तो नेमका कुणाला आला? शरीराला? त्या शब्दाच्या आवाजाला? आठवणीला? शोधताना उत्तर हाताला लागत नाही असं स्पष्ट झालं की शोध थांबवायचा आणि त्या न सापडण्यातच मन टेकवून ठेवायचं. ते भुरकट झालं की पुन्हा तपासणी. चौकशी फार झाली तर मन कातावतं, विसावा फार झाला तर ससा येतो. याच्या जोडीला आठवड्यातून एकदा तरी कुणाशी मोकळं बोलणं हवं, आणि तो माणूस आपल्याला हो ला हो करणारा नसावा. घरची माणसं या कामी फार उपयोगी. नवऱ्याची समाधी किती खोल आहे हे बायकोला वीज गेल्यावर कळतं. गंभीर मानसिक आजाराचा इतिहास असेल तर मात्र लांबच्या शिबिराआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शिबिरं घेणारी जबाबदार केंद्रंही तेच सांगतात.

मुंडगोडला अलीकडे शास्त्रज्ञांचीही ये-जा वाढली आहे. जानेवारी २०१३मध्ये द्रेपुंगमध्ये दलाई लामा आणि मेंदूशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ यांच्यात सहा दिवस चर्चा झाली आणि डिसेंबर २०१७मध्ये द्रेपुंगच्या लोसेलिंग महाविद्यालयाचं ध्यान आणि विज्ञान केंद्र उघडलं. मेंदूत काय बदलतं याचा शोध जरूर व्हावा. पण आपली साधना कुठवर आली हे सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही, आणि निघालं तर ते घेऊन मिरवणारे आधी निघतील.

तोवर जुनी यंत्रं आहेत. ‘विसुद्धिमग्गा’त सिंहलद्वीपातल्या महानाग थेराची गोष्ट येते. विपश्यना वाढत गेली की वाटेत प्रकाश दिसतो, प्रीती उसळते, अपार शांती लाभते, आणि साधकाला वाटतं की पोचलो. महानागांना तसं वाटलं आणि ती शांती साठ वर्षं टिकली. या साठ वर्षांत त्यांनी पुष्कळांना शिकवलं. त्यांचा शिष्य धम्मदिन्न त्यांच्या पुढे गेला. त्याला आपल्या गुरूंचं काय झालंय याचा अंदाज आला. तो भेटायला आला, प्रश्न विचारले, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर अचूक मिळालं. विद्वत्तेत काहीच कमी नव्हतं. मग तो म्हणाला, तुम्हाला ऋद्धी आहे ना, मग एक हत्ती निर्माण करा. थेरांनी केला. आता तो कान ताठ करून, सोंड तोंडात घालून, भयंकर चीत्कार करत तुमच्याच अंगावर येऊ द्या. हत्ती धावून आला आणि स्वतःच निर्माण केलेल्या त्या हत्तीला बघून थेर उठून पळू लागले. धम्मदिन्नाने त्यांच्या चीवराचं टोक धरलं आणि नम्रपणे विचारलं की ज्याचे आस्रव, म्हणजे चित्ताचे मळ, संपले त्याला भीती वाटते का.

थेर तिथेच उकिडवे बसले आणि ज्याला त्यांनी शिकवलं होतं त्यालाच म्हणाले, मला आधार दे. धम्मदिन्नाने त्यांना ध्यानाचा विषय दिला, तो घेऊन ते चंक्रमणाच्या, म्हणजे चालत ध्यान करायच्या वाटेवर चढले आणि तिसऱ्या पावलाला अर्हत झाले, असं बुद्धघोष सांगतो. वर एक तपशील जोडतो: हे थेर द्वेषाच्या स्वभावाचे होते म्हणे, आणि अशांना तो प्रकाश हमखास चकवतो.